‘श्यामा’ आणि वाचकांचा कौल

‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’विषयी दिंद्रुडास आमच्या स्नेह्यांत नुकताच वाद झाला. अश्लीलतेच्या आरोपातून सर्वोच्च न्यायालयाने लेखकास १९६९ साली मुक्त केले. एका पक्षास असले लेखन घरातच नको. दुसऱ्यास तो निकाल हेच कथेचे प्रशस्तिपत्र वाटते! आम्हांस दोन्ही मते अमान्य. शृंगाराचे वावडे आपणांस कशास? ‘गाथासप्तशती’ आपल्याच गोदातीरची. परंतु जी गुन्हा नाही ती कथा तेवढ्याने चांगली कशी ठरावी? शिक्षक-कवी निशिकांताच्या आयुष्यात नीला, वनिता, श्यामा अशा तिघी येतात. या तिघींची मने निराळी उतरली आहेत की नाहीत, हे त्या बैठकीत कोणी विचारलेच नाही.