पडद्यामागचे कर्णे

बोलपटांची परीक्षणे आमच्या मासिकांतून थोडीथोडकी येत नाहीत. नट, कथानक, संगीत, छायालेखन यांविषयी रसिक हिरिरीने वाद घालतात. परंतु ज्या यंत्राच्या मुखाने हा सारा बोलपट बोलतो, त्या पडद्यामागच्या कर्ण्याचे गुणदोष तपासण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मध्यंतरी आमचे जाणे झाले. तेथील चित्रगृह बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली असून आता त्या जागी मंगल कार्यालय चालते. मागच्या पडवीत पुरुषभर उंचीची एक लाकडी पेटी आणि तिच्यावर पोळ्यासारखे खण पाडलेला पत्र्याचा कर्णा, असा जोड धूळ खात पडलेला आम्ही पाहिला. पेटीत कापसाची रिकामी पोती कोंबलेली होती. विद्यार्थिदशेत आम्ही ज्याच्या समोर तासन्‌तास बसलो, तोच हा कंठ.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलू लागला, आणि पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाचा आरंभ केला. त्या काळच्या दिव्यांच्या वर्धकांची शक्ती फार तुटपुंजी. अवघ्या काही वॅटांवर हजार माणसांना ऐकवायचे. उघड्या ध्वनिक्षेपकात विजेच्या शंभर भागांतला एखादाच भाग ध्वनीत उतरतो; कर्णा जोडला म्हणजे तोच वीस-पंचवीसपर्यंत जातो. कर्णा हा असा गरजेपोटी जन्मला. प्रारंभीचे कर्णे सदोष होते. खर्जाचा कर्णा दुमडून लांब केलेला असल्यामुळे त्यातील ध्वनी तीव्र स्वरांच्या मागून येई. हॉलिवूडच्या मेट्रो कंपनीत एका नर्तिकेच्या पायाचा एकेक ठोका दोनदा ऐकू येऊ लागला, तेव्हा तेथील ध्वनिप्रमुख डग्लस शिअरर यांनी १९३०नंतरच्या दशकाच्या मध्यास दोन्ही मार्ग जवळजवळ सारखे करून तो दोष काढला. याच परंपरेत १९४५ साली आल्टेक लान्सिंगचा 'व्हॉइस ऑफ द थिएटर' आला. पुढची तीसपस्तीस वर्षे चित्रगृहाचा आवाज म्हणजे तोच, असे समीकरण जगभर होऊन बसले. आमच्या पडवीतला जोड त्याच घराण्यातला.

त्यास निवृत्त करणारे यंत्रही जणू घरचेच निघाले. ज्या जेम्स लान्सिंग यांचे नाव त्या जोडास होते, त्यांनीच १९४६ साली वेगळे होऊन आपली दुसरी कंपनी काढली. ते १९४९ साली वारले. त्यांच्या नावाच्या त्या कंपनीने, म्हणजे जेबीएलने, १९८०नंतर खर्जाचा कर्णा टाकून साधी मोठी पेटी घेतली आणि वरचा कर्णा नव्या आकाराचा केला. वॅट स्वस्त झाले होते. काटकसरीची गरज उरली नव्हती.

आता तुलना. येथे आम्ही जुन्याचे स्तुतिपाठक होऊ इच्छीत नाही. खणांच्या कर्ण्याचा ध्वनी सर्वत्र सारखा पोहोचत नसे. दोन खुर्च्या सरकले की स्वर बदले. तबल्याच्या बायाचा घुमार त्यात अर्धाच उतरे, आणि झांजेची किणकिण तर जवळजवळ गळूनच जाई. नव्या योजनेत कोपऱ्यातल्या प्रेक्षकासही सारखे ऐकू येते, आणि खर्ज पोटात उतरतो. संगीताच्या दृष्टीने नवे सरस, हे निःसंशय मान्य केले पाहिजे.

परंतु शब्दाचे काय? जुना कर्णा मनुष्याच्या वाणीसाठीच जणू घडला होता. ज्यांवर शब्द ओळखू येतो ती व्यंजने त्याच्या मुखातून सडेतोड येत. आमच्या मातोश्रींना अक्षरओळख बेताचीच. 'संत तुकाराम' त्यांनी लहानपणी वणीच्या यात्रेत तंबूत पाहिला; कर्णा फाटका, जनरेटरची घरघर, तरी पागनिसांचा शब्द न्‌ शब्द त्यांच्या कानी पडला. गतवर्षी एका शहरातील बहुपडदा चित्रगृहात आम्ही त्यांना मराठी चित्रपटास नेले. खुर्ची हादरत होती. "काय म्हणते रे थो?" असे त्यांनी तीनदा विचारले, चौथ्यांदा विचारले नाही. पडद्याखाली इंग्रजी अक्षरे धावत होती, ती त्यांच्या काय कामाची? यात दोष सर्वस्वी नव्या ध्वनिक्षेपकाचा नाही, हेही खरे. पार्श्वसंगीताखाली संवाद गाडणारा ध्वनिसंयोजक आणि आवाजाची कळ मनास येईल तशी फिरविणारा चालक हे मोठे अपराधी. तथापि गर्जना इतकी स्वस्त नसती तर त्यांना हा मोह झाला नसता, असे आम्हांस वाटते. चार वॅटांच्या जमान्यात संवाद बुडविणे परवडतच नव्हते.

पडवीतल्या राखणदारास आम्ही विचारले, हा अजून वाजेल काय? तो म्हणाला, "चुंबक कव्हाच मोडीत गेला, सायेब. पेटी गावच्या सुतारानं सागवानात केली हाये, म्हणून ठेवली."

त्याने पोती बाजूला सारून आम्हांस आतले जोडकाम दाखविले. ते अद्याप कोठेही सुटलेले नव्हते.