'जंक्शन' की 'संधी'? : पेशीविज्ञानातील एका संज्ञेची चिकित्सा

प्राण्यांच्या ऊतींमधील पेशी परस्परांशी जेथे जोडल्या जातात त्या रचनांना 'सेल जंक्शन' म्हणतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील विद्यार्थ्याच्या मनात 'जंक्शन' या शब्दाचा अर्थ आधीच पक्का असतो. १८५४ साली लोहमार्ग ठाण्याहून कल्याणला पोहोचला. पुढे तेथून एक फाटा कसाऱ्याकडे व दुसरा कर्जतकडे गेला. वाटा फुटतात आणि वाहतूक चालते, ते जंक्शन.

हा अर्थ पेशीला लावला की घोटाळा होतो. 'टाइट जंक्शन'चे मुख्य कार्य वाहतूक रोखण्याचे आहे. क्लॉडिन प्रथिनांच्या साहाय्याने ते दोन पेशींमधील फट जवळजवळ बंद करते. 'डेस्मोसोम' शेजारच्या पेशींचे केराटिन तंतू एकमेकांशी जखडून त्वचेला ताण सोसण्याचे बळ देतो. खरी देवाणघेवाण घडते ती 'गॅप जंक्शन'मध्ये. तेथे प्रत्येक बाजूची सहा कनेक्झिन प्रथिने मिळून अर्धी नलिका बनते आणि सुमारे १००० डाल्टनपर्यंतचे रेणू व आयन पलीकडे जातात. हृदयाचे स्नायू एका लयीत आकुंचन पावतात ते याच नलिकांमुळे.

याउलट 'संधी' हा शब्द अधिक अर्थवाही ठरतो. व्याकरणात संधी होताना वर्णांचे रूप पालटते. पेशींच्या जोडणीतही आतील व्यवहार बदलतात. कॅडहेरिनशी निगडित असलेले बीटा-कॅटेनिन हे प्रथिन पेशीकेंद्रकात जाऊन जनुकांचे नियमनही करते. तथापि हे रूपकही निर्दोष नाही. 'सूर्योदय' या शब्दात दोन स्वरांमधील सीमा पुसली जाते. पेशींचे पटल मात्र अभंग राहते. शिवाय संप्रेरकांसारखा दूरचा संवाद कोणत्याही संधीविना होतो.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. खारघर येथील ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिले की, डेस्मोसोममधील प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन घटविल्यास पेशींची परस्परांवरील पकड सैल होते आणि कर्करोगाच्या प्रसारास चालना मिळते. जंक्शन म्हणजे केवळ वाहतुकीचे ठिकाण, असे समजणाऱ्या विद्यार्थ्याला या निष्कर्षाचे मर्म कळणार नाही. जोडणी तुटली म्हणजे संवाद थांबला, एवढेच त्याच्या हाती लागेल. बंधन सुटल्याने पेशी मोकाट होते, हे निसटेल.

म्हणून 'पेशीसंधी' ही संज्ञा स्वीकारावी. मात्र रोखणे, जखडणे आणि देवाणघेवाण करणे ही तिची तिन्ही कार्ये अध्यापनात स्वतंत्रपणे मांडली जावीत. संज्ञा सुटसुटीत असणे पुरेसे नाही; ती विद्यार्थ्याला चुकीच्या फलाटावर उतरविणारी नसावी.