भेट बघायची की भेटायचं?

आळंदीत समाधीच्या दर्शनबारीत तुम्ही कधी उभे राहिला असाल, तर आठवून बघा. एवढा वेळ थांबायचं ते नुसतं बघायला नव्हे. समाधीवर डोकं टेकवायला. पालखीतही मूर्ती नसते, पादुका असतात. म्हणजे वारकऱ्याचं दगड-धातूशी नातं आधी स्पर्शाचं, आणि तेही पायांशी.

सार्वजनिक शिल्पांवर पीएचडी करताना मी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारते: इथं बघणाऱ्याला कुठं उभं केलंय? हाच प्रश्न निगडीच्या भक्ती-शक्ती समूहशिल्पाला विचारू.

शिवाजी महाराज आणि तुकोबांची भेट हा विषय, आणि देहूची पालखी याच चौकातून शहरात येते. जागा अचूक निवडलीय. शिल्प लांबून नजरेत भरतं, शहराची ओळख झालंय. हे यश मान्यच. पण वारीत माणसं भेटतात कशी? एकमेकांच्या पाया पडून. तिथं लहानमोठं उरत नाही. इथं भेट उंचावर घडते आणि आपण खालून फोटो काढतो.

दुसरी गोष्ट वयाची. महाराजांचा जन्म १६३०चा, तुकोबा गेले १६४९-५०च्या सुमारास. परंपरा सांगते ती भेट खरी धरली, तर महाराज तेव्हा जेमतेम विशीचे. शिल्पात मात्र आपल्या ओळखीचे प्रौढ महाराज आहेत. कोवळ्या पोराची ओढ गेली आणि दोन सत्तांची बरोबरी तेवढी उरली. नावातच बघा ना, 'भक्ती' आणि 'शक्ती'!

हा पेच फक्त आपला नाही. रोदँला त्याचं 'कॅलेचे नागरिक' हे समूहशिल्प लोकांच्या पातळीवर, जमिनीलगत हवं होतं. १८९५मध्ये कॅले गावानं ते उंच चौथऱ्यावर बसवलं. खाली आलं १९२४मध्ये, रोदँ गेल्यावर सात वर्षांनी.

निगडीत आता शेजारी १०७ मीटरचा ध्वजस्तंभ आहे, चौकात उड्डाणपूल आहे. सगळं वर वर चाललंय. अशा वेळी शिल्पानं उंचीच्या शर्यतीत उतरू नये, असं माझं मत. त्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेली गोष्ट आहे: भेट.

पुढच्या वेळी गेलात तर चेहरे सोडा, पाय शोधा. तुमचा हात तिथवर पोचतो का, तेवढं बघून या.