उजेडाचे माप आणि आपला चेहरा

छायाचित्र यंत्र काढते, यंत्राला जात नसते, म्हणून छायाचित्र निःपक्षपाती असते, असा एक समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. हा समज तपासून घेण्याची वेळ आली आहे. डिजिटल कॅमेरा, मग तो सुटा असो वा मोबाइलमधला, आज आपल्या वस्त्यांत पोचला आहे. कॉलेजात येणारी आपली मुलेमुली घरच्या घरी स्वतःचे छायाचित्र काढतात आणि पुष्कळदा ते पाहून खट्टू होतात. 'आपण काळे, म्हणून आपला फोटो चांगला येत नाही' हे वाक्य सोलापुरात मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. या वाक्यातला 'म्हणून' हा शब्द खोटा आहे. तो तिथे कुणी आणि कसा घातला, हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राचा विचार करू. कॅमेऱ्याच्या आत उजेड मोजण्याची सोय असते. समोरचे सगळे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी निघावे, अशा बेताने तो उजेड आत घेतो. हे राखाडीचे मापही ठरलेले आहे : पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत फेकणारा रंग. आता चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस उभा राहिला, की दृश्यात पांढरे जास्त होते. उजेड फार झाला असे समजून कॅमेरा तो कमी करतो. भिंत राखाडी होते आणि माणसाचा चेहरा काळोखात बुडतो. डोळे, ओठांच्या कडा, गालांची ठेवण सारे एकात एक मिसळून जाते. त्याच जागी गोरा माणूस उभा राहिला तर त्याचा चेहरा भिंतीच्या रंगाजवळचा असल्याने थोडा अंधारला तरी ओळखू येतो. म्हणजे दोष मापात आहे आणि ठपका मात्र चेहऱ्यावर बसतो. आपल्या समाजरचनेचा याहून चपखल दाखला शोधूनही सापडणार नाही.

हे माप आकाशातून पडलेले नाही. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी एका गोऱ्या बाईचे चित्र प्रयोगशाळांना पुरवीत असे. 'शर्ली कार्ड' या नावाने ते ओळखले जाई. तिची कातडी नीट उमटली की जगाची कातडी नीट उमटली, असा हिशेब होता. गडद रंगांतले बारकावे या फिल्ममध्ये उतरत नाहीत, ही तक्रार काळ्या आईबापांनी केली तेव्हा फारसे काही हलले नाही. लाकडी फर्निचर आणि चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांनी ती केली तेव्हा फिल्म सुधारण्याच्या कामाला गती आली. माणसाच्या चेहऱ्यापेक्षा चॉकलेटच्या रंगाची पत बाजारात मोठी ठरली! डिजिटल यंत्राने हा वारसा पूर्ण टाकला असेही नाही. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणाऱ्या संगणकीय प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत या प्रणालींची चूक १ टक्क्याच्या आत होती. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४ टक्क्यांच्या वर गेली. यंत्राला जात नसेल, पण यंत्राला शिकवणाराला समाज असतो.

आपल्याकडे तर कॅमेरा आला तोच आपल्याला मोजण्यासाठी. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे ८ खंड काढले. त्यांतल्या बहुतेक चित्रांखाली माणसाच्या नावाऐवजी जातीचे वा जमातीचे नाव आहे. माणूस हा नमुना आणि जात हे त्याचे लेबल. पुढे रिस्लेसाहेबाने नाकांची मोजमापे घेऊन नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी सांगण्याचा उद्योग केला. बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' (१९४८) या ग्रंथात नाकांचीच मोजमापे पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे निराळ्या वंशांचे आहेत हा सिद्धांत उलथून टाकला. माप घेणाऱ्याच्या हातातले माप काढून घेऊन त्यालाच तपासायचे असते, हा धडा त्यात आहे.

आमच्या सोलापूरला या गोष्टी परक्या नाहीत. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवणारी सेटलमेंट इथे होती. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे घेण्याची सोय झाली. १९२० च्या कायद्याने कैद्यांची मापे व छायाचित्रे घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. देशभरातला गुन्हेगारी जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. सेटलमेंट हे नाव मात्र शहराच्या तोंडून गेलेले नाही. ज्या माणसाचे छायाचित्र फक्त ठाण्यात निघाले, त्याच्या नातवाला कॅमेऱ्यापुढे अवघडल्यासारखे झाले तर नवल कसले? इथल्या विडी वळणाऱ्या बाईचेही तसेच. ओळखपत्रावरचा टिकलीएवढा फोटो हेच पुष्कळदा तिचे एकमेव छायाचित्र असते. तो तिने काढलेला नसतो, तिच्यासाठीही काढलेला नसतो. कचेरीला ती पटावी म्हणून काढलेला असतो.

दलित साहित्याने हाच प्रश्न शब्दांत सोडवला. 'बलुतं' (१९७८) मध्ये दया पवार हे दगडू मारुती पवारला समोर बसवून बोलते करतात. पाहणारा आणि पाहिला जाणारा एकच माणूस होतो. आमच्या जिल्ह्यातल्या हन्नूरचे शरणकुमार लिंबाळे 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये गावाने दिलेली शिवीच आपल्या पुस्तकाला नाव म्हणून लावतात. पुढे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) लिहिताना, आनंद देणे हे प्रस्थापितांचे माप वेदनेच्या साहित्याला लावता येणार नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) चा शेवट सर्वांना ठाऊक आहे. जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या, म्हणजे पाहणाऱ्याच्या दिशेने. तो दगड आवश्यक होता. पण दगडानंतर काय? आता कॅमेरा जब्याच्या हातात आला आहे. त्याने तो स्वतःकडे कसा वळवावा, हा पुढचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर विद्रोहाच्या घोषणेने मिळणार नाही, ते थोडे तंत्र शिकूनच मिळेल.

ते तंत्र अवघड नाही आणि त्याला स्टुडिओ लागत नाही. पत्र्याच्या खोलीला एकच दार असले तरी पुरे. सकाळी नऊच्या सुमारास किंवा दुपार कलल्यावर, दारातून ऊन थेट आत येत नसेल अशा वेळी उंबऱ्यापासून हात-दोन हात आत बसावे. उजेड समोरून सरळ न घेता एका बाजूने घ्यावा. सावळ्या कातडीवर बाजूचा उजेड पडला की गालाचे हाड, कपाळ, नाकाची धार जिवंत होते. समोरून येणारा फ्लॅश चेहरा सपाट करतो आणि कपाळावर चकाकीचा डाग पाडतो. तो बंद ठेवावा. घरातली ट्यूबलाइटही बंद करावी, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की कातडीचा रंग बिघडतो. अंधाऱ्या बाजूला पांढरी चादर वळणीवर टाकावी, म्हणजे तिच्यावरून उजेड परत येऊन सावली मवाळ होते. सोलापुरात चादरीला तोटा नाही, पण इथे नक्षीची चालणार नाही. रंगीत कापड आपला रंग चेहऱ्यावर फेकते. पाठीमागे पांढऱ्या भिंतीऐवजी गडद पडदा वा खोलीचा अंधार असू द्यावा. भिंत पांढरीच असेल तर कॅमेऱ्यातल्या अधिक-उण्याच्या खुणेवर उजेड अधिककडे सरकवावा. कॅमेरा पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या उंचीला ठेवून चार-पाच फूट दूर बसावे आणि १० सेकंदांचा टायमर लावावा. हातभर अंतरावरून काढले की नाक आहे त्याहून मोठे दिसते. तो जवळिकीचा परिणाम आहे, वंशाचा नव्हे. रिस्लेसाहेबाला हे सांगायला आपण उशिरा जन्मलो!

काही कार्यकर्ते विचारतील, अत्याचाराचे खटले कोर्टात पडून आहेत, शिष्यवृत्तीसाठी पोरे हेलपाटे घालताहेत, आणि हा प्राध्यापक फोटोच्या उजेडाचे काय घेऊन बसला? प्रश्न रास्त आहे. पण वर्तमानपत्रात आपला चेहरा कधी येतो, हेही विचारा. बहुधा प्रेत पडल्यावर. अमेरिकेतला गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस हा एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक छायाचित्रे निघालेला अमेरिकन होता, असे अभ्यासक सांगतात. त्याची सुमारे १६० निराळी छायाचित्रे सापडली आहेत. तो क्वचितच हसतो. गुलाम हसरा आणि संतुष्ट असतो, या गोऱ्यांच्या चित्राला त्याने आपल्या चेहऱ्याने उत्तर दिले. जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) अर्पण केली ती या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना, हे इथे आठवावे. आणि बाबासाहेबांचे १९३४ मधले राजगृहावरचे, रमाई व यशवंतांसह असलेले कुटुंबाचे छायाचित्र आपल्या घराघरांत का असते? त्यात आपण कुणाच्या दयेचा विषय नसतो.

तेव्हा खरा धोका दुसरीकडे आहे. १९७५ साली गोरेपणाचे मलम बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातला गोरेपणा गेला, पण मनातला गेला नाही. आता तेच मलम कॅमेऱ्यातच भरलेले असते. 'सौंदर्य' म्हणून असलेली खूण दाबली की कातडी उजळते आणि नाक बारीक होते. स्टुडिओवाला पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून हेच करी; तेव्हा निदान दुसरा कुणी करीत असे. आज आपण ते स्वतःच्या बोटाने करतो. चेहरा नीट दिसावा म्हणून उजेड वाढवणे निराळे आणि चेहरा बदलावा म्हणून रंग पुसणे निराळे. पहिल्यात आत्मभान आहे, दुसऱ्यात शरणागती. ही सीमारेषा आपल्या मुलामुलींना दाखवणे हे शिक्षकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. वसतिगृहांतून, अभ्यासवर्गांतून, शिबिरांतून अर्धा तास या कामाला द्यावा. ती सौंदर्याची खूण बंद करून प्रत्येकाने आपले एक छायाचित्र दारातल्या उजेडात काढावे. मग एक आपल्या आईचे काढावे, आणि पुढच्या वेळी कॅमेरा तिच्या हातात द्यावा. ते छापून घेऊन मागे नाव, गाव, तारीख आणि काम स्वतःच्या अक्षरात लिहावे. लेबल लावायचेच तर ते आपण लावू.