कुलवृत्तांतांतील लष्करी चाकरी : एका टंकलिखिताचें परीक्षण

कुलवृत्तांत छापण्याची चाल महाराष्ट्रांत रूढ होऊन आतां बरींच वर्षें लोटलीं. आरंभींच्या वृत्तांतांत सनदा, इनामपत्रें व वतनाचे निवाडे यांवरच भर असे. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकरणाची भर पडूं लागली आहे. इ. स. १९१४ ते १९१८ व इ. स. १९३९ ते १९४५ या दोन महायुद्धांत घराण्यांतील पुरुषांनीं केलेल्या चाकरीचें तें प्रकरण होय. नाशिक जिल्ह्यांतील एका शेतकरी मराठा घराण्याच्या वंशजांनीं असा एक वृत्तांत टंकलिखित करून आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविला. घराण्याचें व गांवाचें नांव प्रसिद्ध होऊं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें तें येथें गाळलें आहे. परीक्षणास त्यामुळें बाध येत नाहीं. कारण या लेखनाचे गुणदोष एका घराण्याचे नसून या साऱ्या लेखनप्रकाराचे आहेत.

प्रथम गुण सांगतों. संकलकांनीं वृद्धांच्या तोंडची माहिती सांगणाऱ्याच्या नांवानिशीं व ऐकल्याच्या तारखेनिशीं टिपली आहे. पणजोबांच्या मुक्ततेचा फाटका कागद जसाच्या तसा उतरला असून न लागलेल्या अक्षरांच्या जागीं टिंबें ठेवलीं आहेत. हा प्रामाणिकपणा छापील ग्रंथांतहि विरळा. विषयाचें महत्त्वहि निर्विवाद आहे. पहिल्या युद्धांत हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें समुद्रापार गेलीं व सुमारें ७४,००० मेलीं. दुसऱ्या युद्धांत सैन्याचा आकडा पंचवीस लाखांपर्यंत चढला व सुमारें ८७,००० माणसें कामास आलीं. पानपतावर पडलेल्यांचीं नांवें शोधण्यांत आमच्या संशोधकांच्या दोन पिढ्या खपल्या, आणि तें योग्यच झालें. परंतु बसऱ्याच्या धक्क्यावर उतरलेल्या शिपायाच्या कागदांना आम्हीं दप्तर मानलेंच नाहीं. तें काम एका घरानें आपल्या खर्चानें आरंभिलें, याबद्दल संकलकांचें अभिनंदन केलें पाहिजे.

आतां दोषांकडे वळूं. टंकलिखितांत असें विधान आहे कीं, पणजोबा 'काळी पाचवी' या पलटणींत होते, कुतच्या वेढ्यांत सांपडले, घोड्याचें मांस न खातां उपाशी राहिले आणि तुर्कांची कैद भोगून परत आले. या एका वाक्यांत चार विधानें आहेत व त्या प्रत्येकाचें प्रमाण निराळें आहे. संकलकांनीं तीं एकाच दोऱ्यांत ओंवलीं, हा पहिला दोष.

कुतचा वेढा इ. स. १९१५ च्या डिसेंबरांत पडला व ता. २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील सैन्यानें शस्त्रें खालीं ठेवलीं. त्या सैन्यांत, म्हणजे सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें, मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : १०३, ११० व ११७. 'काळी पाचवी' हें नांव या तिघींपैकीं एकीचेंहि नव्हे. तें १०५ क्रमांकाच्या पलटणीचें होय. ती कुतच्या कोंडींत नव्हती व इ. स. १९१८ मध्यें पॅलेस्टाईनच्या मोहिमेंत लढली. तेव्हां 'काळी पाचवी' व 'कुत' यांपैकीं एक सोडलें पाहिजे. कोणतें सोडावें?

येथें क्रमांकांचा इतिहास पाहणें अवश्य आहे. इ. स. १९२२ मध्यें फौजेची पुनर्रचना झाली व मराठ्यांच्या सहा पलटणी मिळून 'पांचवी मराठा लाइट इन्फंट्री' ही एक रेजिमेंट बनली. १०३ ही तिची पहिली पलटण झाली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पांचवी, आणि ११४ ही बेळगांवची शिक्षण देणारी दहावी पलटण झाली. म्हणजे 'पांचवी' या एकाच शब्दाचे तीन अर्थ होतात : जुन्या टोपणनांवाची, जी वस्तुतः दुसरी पलटण, सबंध रेजिमेंट, आणि रेजिमेंटींतील पांचवी पलटण, जी पूर्वीची ११७. संस्कृत कोशांत अनेकार्थ शब्दांचा वर्ग वेगळा असतो. लष्करी वृत्तांत लिहिणारानेंहि असा एक वर्ग प्रथम तयार करून मग लेखणी उचलावी.

मूळ टिपणें आम्हीं मागवून पाहिलीं. घरांतील वृद्धानें 'पाचवी' एवढाच शब्द उच्चारला होता. 'काळी' हें विशेषण संकलकांनीं पुढें एका छापील पुस्तकांत वाचून आपल्या पदरचें घातलें. हस्तलिखितें हाताळणारांस हा प्रकार अपरिचित नाहीं. लेखकानें मूळ पाठ प्रामाणिकपणें उतरावा आणि मागाहून कोणा शहाण्या वाचकानें तो सुधारावा, व ती सुधारणाच पुढें पाठ म्हणून चालावी, असें शेंकडों पोथ्यांत घडलें आहे. 'पाचवी' हा ११७ चा नवा क्रमांक मानिला, तर वृद्धाचें बोलणें व कुतची हकीकत यांत विरोध राहत नाहीं. परंपरा खरी होती. ती सुशोभित करण्याच्या नादांत खोटी ठरली.

घोड्याच्या मांसाविषयीं दोन शब्द. वेढ्यांत अन्न संपत आलें, तरी हिंदी शिपाई तें मांस खाण्यास बरेच दिवस तयार नव्हते. त्यामुळें अशक्तता व स्कर्व्हीचा रोग त्यांच्यांत वाढला. धर्मपीठांकडून अनुज्ञा आणविण्यांत आली आणि एप्रिलांत पुष्कळांनीं तें खाल्लें. पणजोबांनीं काय केलें हें सांगणारा कोणताहि कागद टंकलिखितांत नाहीं. खाल्लें असल्यास त्यांत लाज ती कसली? आपद्धर्म शास्त्रकारांनीं मानलेलाच आहे. 'न खातां उपाशी राहिले' हें वाक्य पणजोबांच्या चाकरीविषयीं कांहीं सांगत नाहीं. तें पणतवंडांच्या संकोचाविषयीं सांगतें. तें गाळावें.

दुसरा दोष स्थलाविषयींचा. 'पणजोबांची निवड होऊन त्यांस देवळालीच्या छावणींत नेण्यांत आलें,' असें मोठ्या अभिमानानें लिहिलें आहे. देवळाली आम्हां नाशिककरांच्या घराजवळची, म्हणून तिचा मोह समजूं शकतो. परंतु देवळाली ही येणाऱ्याजाणाऱ्या फौजांची उतारपेठ होती. जहाजाची वाट पाहत तेथें इतके गोरे सोल्जर इतके महिने कुजत पडत, कीं डोकें फिरणें या अर्थीं त्या गांवाचें नांवच इंग्रजी बोलींत शिरलें. तेथें मुक्काम झाला याचा अर्थ प्रवासाचा एक टप्पा झाला, इतकाच.

तिसरा दोष थोरांच्या शेजाराचा. आजोबा इटलींत 'नाईक यशवंत घाडगे यांच्या खांद्याला खांदा लावून त्या शेवटच्या हल्ल्यांत लढले व सुखरूप राहिले' असें टंकलिखित म्हणतें. घाडगे हे तिसऱ्या पलटणीचे. ता. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांनीं जो पराक्रम केला त्याबद्दल त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या सन्मानाच्या अधिकृत वृत्तांतच असें नमूद आहे कीं, त्यांच्या तुकडींतील बाकीची सर्व माणसें मेलीं वा जखमी झालीं आणि त्यांनीं एकट्यानें मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली. तेव्हां शेजारीं राहून सुखरूप राहिलेला कोणी असणें शक्य नाहीं. आजोबा त्याच पलटणींत असतील, त्याच डोंगरावर असतील. तेवढें म्हणणें पुरे. आमच्या शेजारच्या संगमनेर तालुक्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव यांनीं ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर तोच सन्मान मिळविला; त्यांच्या शेजारींहि आतां पुष्कळ घराण्यांचे पूर्वज उभे राहूं लागले आहेत. असले शेजार जुळविण्याचा मोह भाऊसाहेबांच्या बखरीच्या काळापासून चालत आला आहे. तो बखरकाराला शोभला, संशोधकाला शोभत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. टंकलिखितांत आजोबांच्या नांवावर इ. स. १९४१ मधील केरेनची लढाई, इ. स. १९४४ च्या मार्चांतील सांगशाकची लढाई व त्याच सालच्या जुलैंतील इटलीची लढाई, अशा तिन्ही दिल्या आहेत. आधार म्हणून पदकांच्या चौकटीचें छायाचित्र आहे. त्यांत इटली स्टार व बर्मा स्टार शेजारींशेजारीं दिसतात. केरेन व इटली हीं तिसऱ्या पलटणीच्या इतिहासाशीं जुळतात. सांगशाकला होती ती चौथी पलटण. मार्चांत मणिपुरच्या डोंगरांत जपान्यांशीं झुंजणारा शिपाई जुलैंत दुसऱ्या पलटणींतून टायबरच्या खोऱ्यांत लढतो, हें अशक्य म्हणतां येणार नाहीं. परंतु तें मानण्यास सबळ पुरावा पाहिजे.

प्रथम वाचनांत आमचेंहि लक्ष या छायाचित्रावरून निसटून गेलें, हें कबूल करितों. मग ध्यानांत आलें कीं, पदकांची एकच बाजू दाखविली आहे. ताम्रपटाची एक बाजू वाचून कोणी दानाचा निर्णय करील काय? पहिल्या युद्धांतील पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नांव व पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर तीच माहिती पाठीमागें असते. दुसऱ्या युद्धांतले तारे ब्रिटिश फौजेला बिननांवाचे वांटले गेले; हिंदी फौजेला मात्र नांव ठोकून दिले. आम्हीं त्या घरीं गेलों व घरच्यांच्या परवानगीनें चौकट उघडविली. पणजोबांच्या ताऱ्याच्या पाठीवर ११७ चा आंकडा स्पष्ट निघाला. (यानें ते त्या पलटणींत होते इतकें सिद्ध होतें, कुतला होते याचें प्रमाण अजून परंपराच आहे.) इटली स्टारच्या पाठीवर आजोबांचें नांव निघालें. बर्मा स्टारच्या पाठीवर नांव दुसरेंच होतें; आडनांव तेंच, क्रमांक वेगळा.

हा दुसरा पुरुष टंकलिखितांतील वंशावळींत कोठेंहि नाहीं.

राष्ट्रकुलाच्या युद्धस्मशान मंडळाची नामावली आतां सर्वांस पाहतां येते. तींत हें नांव मिळालें : चौथी पलटण, मार्च १९४४, रंगूनजवळील तौक्यान येथील स्मारक, आणि पुढें पित्याचें नांव, पत्नीचें नांव व नाशिक जिल्ह्यांतील गांव. ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाहीं अशा सुमारें २७,००० सैनिकांचीं नांवें त्या स्मारकावर आहेत. इंग्रजी स्पेलिंगांत आडनांव असें मोडलें होतें कीं, पित्याचें व गांवाचें नांव नसतें तर आम्हीं ओळखलेंच नसतें.

तथापि एका प्रमाणावर विसंबूं नये म्हणून आम्हीं नाशिकचें स्वतःचें साधन पाहिलें. रामकुंडावर श्राद्धासाठीं येणाऱ्या यजमानांचीं नांवें क्षेत्रोपाध्याय आपल्या वह्यांत पिढ्यान् पिढ्या लिहून घेत आले आहेत. त्या घराण्याच्या उपाध्यायांनीं कृपा करून वही दाखविली. शके १८६६, भाद्रपद वद्य अमावास्येची नोंद मोडींत आहे. पितरांच्या यादीच्या अखेरीस धाकट्या मुलाचें नांव, आणि खालीं बापाची सही. हा बाप म्हणजे तेच पणजोबा. पुत्रानें पित्याचें श्राद्ध करावें हा क्रम; येथें तो उलटा झालेला आहे. सहींतील शेवटचें अक्षर पूर्ण झालेलें नाहीं.

वंशावळींतून हें नांव कसें गळलें? कोणाच्या दुष्टाव्यानें नव्हे. वंशावळी पुत्रापासून पुत्राकडे जातात. ज्याला संतति नाहीं त्याची रेघ खुंटते व दुसऱ्या प्रतींत ती काढलीच जात नाहीं. रणांत पडणारे बहुधा तरुणच असतात. म्हणजे ज्यांच्यासाठीं हें प्रकरण लिहावयाचें, तेच या पद्धतीनें प्रथम गळतात. पत्नीबद्दल विचारतां घरांतील एका वृद्ध बाई म्हणाल्या, "धाकट्या काकू माहेरीं गेल्या, मग कोणी नांव काढलें नाहीं." पलटणीच्या कारकुनानें जिचें नांव लिहिलें, ती घरच्या वृत्तांतांत नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार लागली.

सरकारी स्मारकेंहि या दोषापासून मुक्त नाहींत. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीं नांवें कोरलीं गेलीं. शिपायांचे मात्र पलटणवार आंकडे. फ्रान्सांतील नव शापेल येथें ४,७०० हून अधिक हिंदी नांवें आहेत, हा तेथील विशेष. इ. स. २०२१ मध्यें उक्त मंडळाच्याच चौकशी समितीनें कबूल केलें कीं, पहिल्या युद्धांतील निदान १,१६,००० मृतांचें, बहुतांशीं आशिया व आफ्रिकेंतील लोकांचें, नांवानिशीं अगर मुळींच स्मरण केलें गेलें नाहीं. त्याच वर्षीं लाहोरच्या संग्रहालयांतील पंजाबच्या सुमारें ३,२०,००० शिपायांचीं नोंदणीपत्रकें लोकांसाठीं खुलीं होऊं लागलीं. पंजाब्याला मिळणारें हें साधन महाराष्ट्रीय कुटुंबास उपयोगी नाहीं. आमची भिस्त पदकाच्या कडेवर, ट्रंकेंतल्या कागदावर, गांवच्या चावडींतील 'इतके गेले, इतके मेले' अशा संगमरवरी पाटीवर आणि उपाध्यायांच्या वहीवर आहे. तीं साधनें विखुरलेलीं आहेत व दरसाल नष्ट होत आहेत; पदकें तर सराफाच्या मुशींत जातात.

म्हणून संग्राहक मित्रांस एक विनंति आहे. पदक विकत घेतांना तें कोणत्या घरांतून आलें हें टिपून ठेवावें, कडेवरचा मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा व घर जिवंत असेल तर त्याला एक नक्कल पाठवावी. घरापासून तुटलेलें पदक म्हणजे स्थलनिर्देश हरवलेला शिलालेख.

संकलकांस आमचा अभिप्राय असा : 'काळी' शब्द काढावा, घोड्याचें मांस व घाडग्यांचा शेजार गाळावा, पदकांच्या दोन्ही बाजू छापाव्या, आणि प्रत्येक विधानापुढें तें पदकाचें, कागदाचें कीं तोंडचें, हें लिहावें. सांगशाकची लढाई आजोबांच्या नांवावरून उतरवून तिच्या खऱ्या धन्याच्या नांवावर चढवावी. त्यायोगें आजोबांचा मान कमी होणार नाहीं. वंशावळींत पणजोबांच्या खालीं दुसरी रेघ काढावी व तिच्या टोंकाशीं तीं दोन्ही नांवें, त्याचें व तिचें, लिहावीं. एवढें केल्यावर ग्रंथ खुशाल छापावा. त्याची पहिली प्रत आम्ही मोल देऊन घेऊं.