उजेडाचा हिशेब

मराठी नाटकाच्या जाहिरातीत लेखक-दिग्दर्शकांच्या जोडीला नेपथ्य आणि प्रकाशयोजना करणाऱ्यांची नावंही छापलेली असतात. संग्रहालयाच्या उद्घाटनाच्या पाटीवर मंत्री असतात, आयुक्त असतात, कधी वास्तुविशारदही असतो. दिवे कुणी योजले ते कुठेच लिहिलेलं नसतं. ज्या कामाला धनी नाही, ते इमारत उभी राहिल्यावर विजेच्या ठेक्यात जातं आणि वॅट व नगांच्या हिशेबाने उरकलं जातं. आपल्याकडे प्रकाशयोजनेच्या कलेची दुर्दशा झाली आहे ती प्रामुख्याने यामुळे.

संग्रहालयातला दिवा वस्तू दाखवतो आणि दाखवता दाखवता तिला झिजवतोही. उडालेला रंग परत येत नाही. लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या उजेडाचं माप; कागद आणि कापडाला ५० लक्स, तैलचित्राला २०० लक्स, ही मर्यादा या क्षेत्रातल्या बहुतेकांना पाठ असते. त्याच्या पुढचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या २००४ च्या शिफारशीप्रमाणे रेशमासारख्या अतिनाजूक वस्तूला वर्षभरात १५,००० लक्स-तास एवढाच उजेड सोसतो. ५० लक्सच्या दालनात रोज आठ तास ठेवली, तर पैठणीचा वर्षाचा वाटा ३७-३८ दिवसांत संपतो. उरलेलं वर्ष तिने अंधारात, पेटीत राहायला हवं. आपल्याकडे जुनी वस्त्रं वर्षानुवर्षं त्याच काचेमागे टांगलेली दिसतात, घडीच्या बाहेरचा भाग विटलेला आणि आतला अजून गडद. हा फरक ज्याला दिसला, त्याला वेगळा अहवाल लागत नाही.

हलगर्जीपणा मोठमोठ्यांकडूनही होतो. मार्क रॉथको यांनी हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच भव्य चित्रं १९६४ मध्ये एका भोजनदालनात लागली. तिथल्या मोठ्या खिडक्यांतून ऊन येई आणि चित्रांत वापरलेला लाल रंग उन्हात टिकणारा नव्हता. १९७९ पर्यंत चित्रं उतरवून ठेवण्याची वेळ आली. २०१४ मध्ये विद्यापीठाच्या संग्रहालयाने ती पुन्हा मांडली तेव्हा कॅनव्हासला हातही न लावता, प्रोजेक्टरने नेमक्या जागी नेमका रंगीत उजेड टाकून मूळ छटा उभ्या केल्या. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद करत आणि फिकट झालेलं खरं चित्र लोकांसमोर येई. संग्रहालयाने आपल्या नुकसानीची इतकी उघड कबुली दिल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

एलईडीने उष्णता आणि अतिनील किरणांची चिंता बरीच कमी केली, वीजही वाचवली. पण स्वस्त एलईडीत लाल रंगाची बाजू लंगडी असते. अशा दिव्याखाली पैठणीची जर चमकते आणि कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. निविदेत वॅट असतात, हमीची वर्षं असतात. लाल रंग कसा दिसेल याची अट क्वचितच असते.

अजिंठ्याला काही चित्रलेण्यांत काम विचाराने झालं आहे. पूर्वी दारात आरसे किंवा पत्रे धरून ऊन आत फिरवत. आता दिवा लांब ठेवून काचतंतूंतून थंड उजेड भिंतीपर्यंत आणला आहे. भर उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलं की आधी काहीच दिसत नाही, आणि कित्येक जण तिथेच "लाइट कमी आहे" म्हणत वळतात. जरा थांबलं की पद्मपाणीच्या भुवईची कमान दिसते, मग मुकुट, मग हातातलं कमळ. बाहेर लाखभर लक्सचं ऊन असताना डोळ्यांना सवड द्यावी लागते. लेण्याची ओसरी ती देते. वाड्याची देवडीही देत असे. आपल्या नव्या संग्रहालयांत मात्र काचेच्या लखलखत्या प्रवेशदालनातून माणूस थेट ५० लक्समध्ये जातो. मग दालन अंधारं वाटतं, तक्रारी येतात आणि दिवे वाढवले जातात.

ही चूक दिवे बदलून निघत नाही, ती नकाशातच सुधारावी लागते. टेक्सासच्या रणरणत्या उन्हात १९७२ साली उघडलेल्या किम्बेल संग्रहालयात लुई कान यांनी छताच्या कमानींना माथ्यावर चीर ठेवली. तिच्याखाली छिद्रांचा अॅल्युमिनियमचा परावर्तक बसवला, तो घडवण्यात प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली त्यांच्या सोबत होते. ऊन आधी काँक्रीटच्या छतावर पसरतं आणि मग चंदेरी होऊन चित्रांवर उतरतं.

वास्तूंच्या बाहेरचं चित्र तर अधिक खटकतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं कोरीवकाम वास्तुविशारद फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी वरून पडणाऱ्या उन्हासाठी योजलेलं. खालून झोत टाकले की सावल्या उलटतात, दगडी चेहरे सपाट किंवा भेसूर होतात. त्यावर जांभळा-हिरवा रंग चढवला की दगडाचा स्वतःचा पिवळसर रंग मरतो. राष्ट्रीय सणाला तिरंगा उजळावा, त्याचा आनंद मलाही होतो. पण वर्षभर रंगांचा झगमगाट हा वारसा वास्तूचा अवमान आहे.

संग्रहालयांचे विश्वस्त आणि महापालिकांचे अभियंते यांना विनंती एवढीच: प्रकाशयोजनाकाराला पहिल्या नकाशाच्या वेळी बोलवा, निविदेपूर्वी रात्री जागेवर नमुना लावून पाहा, प्रत्येक नाजूक वस्तूच्या लक्स-तासांची नोंदवही ठेवा आणि पाटीवर प्रकाशयोजनाकाराचं नाव घाला.