पंधरा दिवस, दहा देश : एक रसग्रहण

मराठीत प्रवासवर्णनांची परंपरा मोठी आहे. पण मध्यमवर्गीय घरांत आज सर्वांत भक्तिभावाने वाचले जाणारे प्रवासवाङ्मय म्हणजे सहल कंपनीचे कार्यक्रमपत्रक. समीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नाही. ते काम माझ्यासारख्या बँकेतल्या कारकुनाकडे आले, कारण पत्रक वाचून झाले की मंडळी मुदत ठेव मोडायला आमच्याच खिडकीशी येतात.

प्रस्तुत कृतीत पंधरा दिवसांत युरोपचे दहा देश आहेत. त्यांतला पहिला आणि शेवटचा दिवस विमानात जातो, हे बारीक टायपात. कथेचा नायक म्हणजे बस. शैली तारेची : आगमन, दर्शन, प्रयाण. पॅरिसला न्याहारी, ब्रुसेल्सला जेवण, ॲम्स्टरडॅमला मुक्काम. म्हणजे पुण्यात पोहे, सोलापुरात जेवण आणि हैदराबादेत झोप. वर सोलापूर 'पाहिले' म्हणायचे!

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाला दीड तास दिला आहे. तिथे सुमारे 35,000 वस्तू मांडलेल्या आहेत. दीड तासाचे सेकंद 5,400. म्हणजे सेकंदाला साडेसहा कलाकृती! हा वेग आमच्या नोटा मोजण्याच्या यंत्राला झेपेल. पण संशयास्पद नोट आली की तेसुद्धा थांबते. 160 चौरस किलोमीटरचा लिश्टेनस्टाइन हा देश तर कथानकात केवळ आकडा दहावर नेण्यासाठी येतो. त्याची राजधानी वाडुझ ही एका फोटोची आणि एका चहाची धनी.

युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी हाकली की 45 मिनिटे विश्रांती घेतलीच पाहिजे, असा कायदा आहे. प्रवाशासाठी असा कायदा नाही. चालक पाय पसरतो तेव्हा आपण स्वच्छतागृहाच्या रांगेत सुटी नाणी शोधत असतो. दुपारी एक ते चारची महती जाणणाऱ्या पुणेकराने हे मुकाट सोसावे, हा या कृतीतला करुणरस.

पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई' (1960) आठवून पाहा. लेखक लंडनला आणि पॅरिसला रमला, म्हणून त्याला माणसे भेटली. माणसे भेटायला मोकळी संध्याकाळ लागते, आणि पत्रकात नेमकी तीच नाही.

खरे तर हिशेब सोपा आहे. पंधरा दिवसांना तीन देश पुरे. प्रत्येक मुक्कामी किमान तीन रात्री. प्रवासाचा दिवस खर्चाच्या बाजूला मांडावा, दर्शनाच्या नव्हे. एका शहरात उतरावे, दुसऱ्यातून परतावे, म्हणजे उलटी फेरी वाचते. आणि दर चौथा दिवस कोरा ठेवावा. पासबुकात शिल्लक लागते, तशी सहलीतही लागते.

ठेव मोडायला येणारे बहुतेक साठीचे असतात. तीस वर्षे व्याज साठवून ते एकदाच निघतात; गुडघे पुन्हा परवानगी देतील याची खात्री नसते. अशा माणसाला बसच्या खिडकीतून देश मोजायला लावणे बरे नव्हे.

पुढील आवृत्तीत प्रकाशकांनी सात देश गाळावेत. पुणेकर असूनही सांगतो, किंमत तीच ठेवली तरी चालेल.